फ्रीज बिघडला याबद्दल तक्रार नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
आमच्या घरातला फ्रीज बनवणारी कंपनी

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. परवा सकाळी फिरायला गेल्यावर कट्ट्यावर हा किस्सा सांगितला, तर चौघांनी चार वेगवेगळ्या कंपन्यांची नावं घेतली आणि चौघेही म्हणाले, “तीच ना?” त्यामुळे हे पत्र तुम्हाला आहे, पण बाकीच्या तिघांनीही वाचायला हरकत नाही.

आधी माझी ओळख. एसटीत ३४ वर्षं नोकरी केली. सुरुवातीला वाहक आणि शेवटची बरीच वर्षं नाशिकला वाहतूक नियंत्रक. नियंत्रक म्हणजे चौकशीच्या खिडकीत माईक घेऊन बसलेला माणूस. ज्याला दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो, “साहेब, गाडी कधी लागंल?” या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला पगार मिळत होता. म्हणून तुमच्या कामाबद्दल मला थोडंफार कळतं, असं मी धरून चालतो.

१२ एप्रिलला, रविवारी, आमचा फ्रीज गार पडायचा बंद झाला. अडीच वर्षांचा फ्रीज. आत दिवा लागतो, बर्फ होत नाही. यंत्र आहे, बिघडणारच. माझ्या हयातीत मी इतक्या गाड्या घाटात बंद पडलेल्या पाहिल्यात की यंत्रावर राग धरायचं मी केव्हाच सोडलं. फ्रीज बिघडला याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तो २६ एप्रिलला दुरुस्त झाला, दहा मिनिटांत. मधल्या चौदा दिवसांबद्दल मात्र बोलायचं आहे.

माझी पत्नी बारा वर्षांपासून इन्सुलिन घेते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उघडलेली बाटली बाहेर महिनाभर चालते, पण तीही २५-३० अंशांच्या आत. आमचं घर सिडकोत, वरच्या मजल्यावर, गच्चीखाली. एप्रिलच्या दुपारी नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात माणूससुद्धा टिकत नाही. समोरच्या वहिनींनी त्यांच्या फ्रीजच्या दारात जागा करून दिली. दोन्ही वेळा इंजेक्शनसाठी त्यांचं दार वाजवायचं. त्यांची मुलगी रात्रपाळीहून येऊन झोपलेली असायची. पत्नीला संकोच वाटायचा, मग ती उशीर करायची, मग मी चिडायचो. शेवटी उघडलेली बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. फ्रीज नाही म्हणजे कैरीचं पन्हं गरम प्यावं लागतं, एवढंच ज्यांच्या डोक्यात येतं त्यांच्यासाठी हे लिहिलं.

आता क्रमाने सांगतो. नियंत्रकाची सवय म्हणून मी वही ठेवली होती. त्यात तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं, सगळं आहे.

पहिल्या दिवशी तुमच्या नंबरवर फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. पुढे आणखी दोन भाषा. मराठी नाही. हिंदी मला येते, त्याचं काही नाही. पण २७ फेब्रुवारीला तुम्हीच मला मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांचा मेसेज पाठवला होता, सोबत एसीवर सूट. तो दिवस कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी साजरा होतो आणि कुसुमाग्रज आमच्या नाशिकचे. शुभेच्छा द्यायला मराठी येते आणि तक्रार ऐकायला येत नाही, हे मला जरा झोंबलं. माझं सोडा, माझ्या पत्नीला फोनवरचं भराभर हिंदी कळत नाही. मी घरी नसतो तर तिने काय केलं असतं?

मग मॉडेल नंबर, सिरीयल नंबर. तो फ्रीजच्या मागच्या बाजूला. वय ६७, एकट्याने फ्रीज ओढला. नंतर लक्षात आलं की हाच नंबर तुमच्या दुकानदाराने विक्रीच्या दिवशी नोंदवला होता आणि माझ्याच मोबाइलवर तुमचा ‘अभिनंदन’ म्हणून मेसेजही आलेला होता. म्हणजे तुमच्याकडे आहे ते मी तुम्हालाच फ्रीज सरकवून सांगितलं.

१३ तारखेला मेसेज आला, तंत्रज्ञ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळेत येतील. याला वेळ म्हणत नाहीत. ‘पुण्याची गाडी आज दिवसभरात कधीतरी लागेल’ असं मी माईकवरून सांगितलं असतं, तर लोकांनी मला खिडकीतून बाहेर ओढलं असतं. तरी थांबलो. पत्नीची त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ होती, ती पुढे ढकलली. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी अनोळखी नंबरवरून अर्धी रिंग आली आणि बंद झाली. मी उलट फोन केला तर ‘व्यस्त’. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी तुमचा मेसेज, ‘ग्राहक उपलब्ध नसल्याने भेट होऊ शकली नाही.’

या एका ओळीने मला जितका त्रास झाला तितका फ्रीजने दिला नाही. दिवसभर घरात बसलेल्या माणसाला घरी नव्हता म्हणायचं, आणि तेही लेखी. त्या मेसेजला उत्तर द्यायला गेलो तर, या क्रमांकावर संदेश स्वीकारले जात नाहीत. म्हणजे आरोप करता येतो, खुलासा करता येत नाही. एसटीत आम्हाला मेमो मिळायचा तोसुद्धा खुलाशासाठी मुदत देऊन.

अनोळखी फोनचं आणखी एक आहे. तुमचा तंत्रज्ञ स्वतःच्या खासगी मोबाइलवरून फोन करतो. आम्हाला पोलीस सांगतात, बँक सांगते, अनोळखी फोन सावधपणे घ्या, ओटीपी कुणालाही देऊ नका, फसलात तर १९३० ला कळवा. तुम्ही सांगता, अनोळखी फोन उचलला नाही तर तुमची भेट रद्द, आणि दारात आलेल्या माणसाला ओटीपी द्या. आम्ही ऐकायचं कुणाचं? मधल्या काळात माझ्या भाच्याने इंटरनेटवर तुमचा नंबर शोधून दिला. तिथे पलीकडचा माणूस फार गोड बोलला, मराठीतसुद्धा बोलला, आणि तक्रार नोंदवायला एक अ‍ॅप टाकून दहा रुपये भरा म्हणाला. मी फोन ठेवला. तुमचा खरा नंबर तुमच्याच वेबसाइटवर तळाशी, मुंगीच्या अक्षरात असतो, म्हणून खोट्यांची दुकानं चालतात. फसवणारे मराठी बोलतात आणि अस्सल कंपनी बोलत नाही, हे काही बरं लक्षण नाही.

१५ तारखेला मुलगा आला. चांगला मुलगा. सिन्नरकडचा, दुचाकीवर, पाठीला दप्तराएवढी अवजारांची पिशवी. फ्रीज उघडला, तपासला, म्हणाला, “काका, कॉम्प्रेसर ठीक आहे, पीसीबी कार्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलंय. पार्ट मागवावा लागंल.” जाताना ओटीपी मागितला, भेटीची नोंद करायची म्हणून. मी दिला. तो जिना उतरेपर्यंत मेसेज आला, ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला १ ते ५ गुण द्या.’

फ्रीज बंद, आणि तक्रार सोडवली. मी १ दाबला. त्याबद्दल शेवटी बोलतो.

इथून पुढचे अकरा दिवस सविस्तर लिहीत नाही, वाचणाऱ्याचा जीव जाईल. सारांश असा. कॉल सेंटरच्या मते तक्रार बंद, त्यामुळे नवीन तक्रार नोंदवा. नवीन क्रमांक घेतला. सर्व्हिस सेंटरच्या मते पार्ट पुण्याहून निघाला. कॉल सेंटरच्या मते पार्टची मागणीच नोंदलेली नाही. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, “काका, पार्ट आलाय, पण जुना कॉल क्लोज दिसतोय आणि नवीन कॉल दुसऱ्याच्या नावावर पडलाय. माझ्या नावावर कॉल ओपन झाल्याशिवाय स्टोअरवाला पार्ट देत नाही.” मग मी कॉल सेंटरला सांगितलं की तुमच्या सर्व्हिस सेंटरला सांगा की अमुक मुलाच्या नावावर कॉल टाका. त्यांनी तिसरा क्रमांक दिला. तो चुकून ‘नवीन फ्रीज बसवणे’ या सदरात पडला. एक दुसराच माणूस फोन करून विचारायला लागला, फ्रीज खोक्यातून काढलाय का? मग चौथा क्रमांक.

हे सगळं त्या मुलानेच मला नीट समजावलं, जिन्यात उभं राहून. कॉल सेंटर एकाचं, सर्व्हिस सेंटर दुसऱ्याचं, म्हणजे फ्रँचायझीचं, आणि पार्टचं गोदाम तिसरीकडे. तिघांच्या संगणकांवर तिघांना वेगवेगळं दिसतं. फोनवरच्या मुलीला फक्त ‘ओपन’ की ‘क्लोज’ एवढंच दिसतं, ती तरी काय सांगणार? आणि कॉल वेळेत बंद झाला नाही तर ह्या मुलाचे पैसे कापतात. म्हणून पहिल्याच भेटीत ओटीपी. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पण साहेब, यातलं माझं काम कोणतं होतं? फ्रीज तुमचा, कॉल सेंटर तुमचं, गोदाम तुमचं, फ्रँचायझी तुमची. या चौघांमध्ये निरोप पोहोचवायचं काम चौदा दिवस एका पेन्शनरने केलं. वहीतला हिशेब देतो: २३ फोन, ४ तक्रार क्रमांक, फोन कानाला लावून ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकत काढलेले ३ तास ५० मिनिटे, पूर्ण घरी बसून काढलेले तीन दिवस, रिक्षाच्या दोन फेऱ्या. बिनपगारी कारकून ठेवलात तुम्ही मला. आणि माझ्याकडे वेळ होता म्हणून निभावलं. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा अंबडला कारखान्यात आहे, त्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. त्याने कुठून आणायचे तीन दिवस?

रिक्षाच्या फेऱ्यांचं सांगायलाच हवं. फोनवर काही होईना म्हणून १८ तारखेला मी प्रत्यक्ष सर्व्हिस सेंटरला जायचं ठरवलं. तुमच्या वेबसाइटवर पत्ता कॉलेज रोडचा. सिडकोतून कॉलेज रोड, भर उन्हात. तिथे सर्व्हिस सेंटर नाही, केकचं दुकान. मी आत डोकावलो तर काउंटरवरची मुलगी माझ्याकडे न बघताच म्हणाली, “फ्रीज का वॉशिंग मशीन?” मग बोट दाखवलं. काचेवर वहीचा कागद चिकटवलेला, निळ्या पेनाने लिहिलेला: ‘सर्व्हिस सेंटर अंबडला गेले आहे’, खाली पूर्ण पत्ता, खूण आणि ‘दुपारी २ ते ३ जेवणाची सुट्टी’. कागद फाटू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी. म्हणाली, रोज पाच-सहा जण येतात, एक आजोबा तर मिक्सर घेऊन आले होते. वर्ष झालं म्हणे. तिने तुमच्या फोनवर कळवूनही पाहिलं, तर तिला विचारलं, तुमचा तक्रार क्रमांक काय?

मी तिथे पाणी प्यालो आणि एक पेस्ट्री घेतली, घेणं भाग होतं. पत्नीला सांगितलं नाही.

अख्ख्या तुमच्या कंपनीत मला जी एकमेव खरी, पूर्ण आणि उपयोगाची माहिती मिळाली ती एका केकवालीकडून, आणि तिचा तुमच्याशी काही संबंध नाही. जेवणाच्या सुट्टीची वेळसुद्धा तिने लिहिली होती.

पैशांचंही तसंच. फ्रीजच्या दारावर तुम्ही मोठ्या अक्षरांत ‘१० वर्षे वॉरंटी’ चिकटवलं आहे. ती कॉम्प्रेसरची आहे आणि कार्ड त्यात बसत नाही, हे मला अडीच वर्षांनी कळलं. खर्च मुलाने २,८०० सांगितला, कॉल सेंटरने ३,४००, बिल आलं २,७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,१८६. रक्कम मी भरली, रास्तच असेल. आकडे तीन का, एवढंच कुणी सांगितलं नाही.

आता खिडकीचा अनुभव सांगतो, कारण तुम्हाला वाटेल हा म्हातारा नुसता चिडलाय. पुण्याहून येणारी गाडी नारायणगावजवळ बंद पडली की पूर्वी तिथून कुणीतरी फोन करायचं, तोही लागला तर. मग मी माईक घ्यायचो: गाडी बंद पडली आहे, दुसरी गाडी निघाली आहे, कमीत कमी दोन तास लागतील. लोक शिव्या द्यायचे. मलाच, कारण समोर मी. पण शिव्या देऊन झाल्यावर कुणी चहाला जायचं, कुणी घरी निरोप द्यायचं, कुणी सिन्नरपर्यंतची गाडी धरून पुढचं पुढे बघायचं. दोन तास त्यांचे त्यांच्या हातात असायचे. एकदा, वणीच्या गडाच्या यात्रेच्या दिवसांत, मलाच काही माहीत नव्हतं म्हणून मी खिडकी लावून आत बसलो. पंधरा मिनिटांत काच फुटली. आमच्या आगारप्रमुखांनी मला फाडून खाल्लं नाही, फक्त म्हणाले, माहीत नाही हे तरी सांगायचंस. ती काच माझ्या पगारातून गेली नाही, पण मी ती विसरलेलो नाही.

तुमची खिडकी चौदा दिवस बंद होती आणि बाहेर पाटी होती, ‘तक्रार सोडवली आहे’.

‘कार्ड नाशिकमध्ये शिल्लक नाही, २५ तारखेच्या आत येणार नाही.’ एवढी एक ओळ १५ तारखेला आली असती तर मी मेनरोडला जाऊन बर्फाचा डबा आणला असता, इन्सुलिनची सोय औषधाच्या दुकानात लावली असती, पत्नीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं असतं आणि तुम्हाला पुढे एकही फोन केला नसता. तुमचेही तेविसातले बहुतेक फोन वाचले असते. ते घेणाऱ्यांना तुम्ही पगार देताच ना?

कायद्याचं मला फार कळत नाही, पण ग्राहक पंचायतीच्या एका ओळखीच्यांनी कागद दाखवला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू. त्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात, ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून न देणं हेही धरलेलं आहे. तक्रार आता ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही त्यांनी वहीत लिहून दिला. मी आयोगात गेलेलो नाही. तुमच्या गोंधळात ‘जाणूनबुजून’ किती आणि नुसती बेपर्वाई किती हे मला सांगता येणार नाही, त्यातलं तुम्हीच तपासा. पण ज्यांना हे ठाऊक नाही अशा वाचकांसाठी इथे लिहून ठेवतो.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. यंत्र बदलून द्या म्हणत नाही, भरपाई मागत नाही.

तक्रारीचा क्रमांक एकच ठेवा, फ्रीज गार होईपर्यंत. ‘भेट झाली’ आणि ‘दुरुस्ती झाली’ या दोन वेगळ्या नोंदी करा, आणि बंद करण्याचा ओटीपी दुरुस्तीनंतरच मागा. येण्याची वेळ दोन तासांच्या आतली द्या, येणाऱ्याचं नाव आणि नंबर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे आम्ही फोन उचलू. पार्ट नसेल तर नाही म्हणा आणि तारीख सांगा. तारीख चुकली तर चुकली म्हणून सांगा. फोनवर मराठीचा पर्याय ठेवा. मेसेजला उत्तर देता आलं पाहिजे, निदान ‘मी घरीच होतो’ एवढं तरी. वॉरंटी कशाची आहे ते त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. वेबसाइटवरचा पत्ता बदला, आणि बदलेपर्यंत त्या केकच्या दुकानात कुणीतरी जाऊन त्या मुलीचे आभार माना.

राहिला तो १ गुण. मेसेज कंपनीचा होता म्हणून मी तो कंपनीला दिला. २६ तारखेला तो मुलगा कार्ड बसवायला आला तेव्हा कळलं की गुण त्याच्या नावावर पडतात आणि त्या महिन्याचा त्याचा भत्ता गेला. तो तक्रार करत नव्हता, मीच खोदून विचारलं म्हणून बोलला. ज्या एकाने काम केलं त्याच्याच डोक्यावर माझा राग फुटला. तो गुण बदलण्यासाठी मी कॉल सेंटरला दोनदा फोन केला. ती तक्रार बंद झाली आहे, असं सांगितलं. म्हणून ही शेवटची मागणी जाहीरपणे करतो: १५ एप्रिलची भेट, पहिला तक्रार क्रमांक, तिथला १ खोडून ५ करा, आणि केल्यावर मला कळवा. मेसेज चालेल, फोन चालेल. दुपारी २ ते ४ मात्र पत्नी झोपलेली असते.

कळावे,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
सिडको, नाशिक